वड्याला बांधलेला पगार

किस्से साठतात कसे म्हणाल, तर कढईत चुरा साठतो तसे. वडे तळताना पिठाचे थेंब सुटतात, तळाशी जमतात, आणि मधूनमधून झाऱ्यानं काढले नाहीत तर तेल करपतं. म्हणून आज चुरा काढायला बसलोय. आणि खरं सांगू का, वड्यापेक्षा चुराच लोक जास्त मागून खातात.

बारामती एमआयडीसीत दुधाच्या पदार्थांचा एक कारखाना आहे. श्रीखंड, पनीर, आइस्क्रीमचे कप. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच धंदा करायचाय. माझं त्या कारखान्यात कॅन्टीन आहे. आधी बावड्याच्या स्टँडवर हॉटेल होतं, तिथनं इकडं आलो. पगार किती, महागाई किती आणि काम किती, या तीन गोष्टींवरून त्या कारखान्यात जेवढी भांडणं झाली, ती सगळी माझ्या टेबलांवर झाली. माझा चहा पिऊन झाली आणि बऱ्याचदा माझ्याच नावानं झाली.

*

नावाचं आधी सांगतो. मला तिथं सगळे तात्या म्हणतात, पण माघारी म्हणतात महागाई.

त्याचं असं झालं. किमान वेतनावर सरकार दर सहा महिन्यांनी एक विशेष भत्ता लावतं. बाजारात भाव किती चढले ते बघून त्याचा आकडा ठरतो म्हणे. गेटाजवळ नोटीस लागते, लोक वाचतात, दोन दिवस खुशीत असतात. आता भाव चढल्यावर पाववाला मलाही सोडत नाही आणि तेलवालाही सोडत नाही. मग मीही चहाचा आणि वड्याचा दर वाढवतो. माझी चूक एवढीच झाली की एकदा मी दराची पाटी नोटीस लागली त्याच दिवशी बदलली.

बॉयलरवर भीमराव आबा आहेत. कारखान्यातले सगळ्यात जुने कामगार, आणि माझ्याच बावड्याचे, त्यामुळे मला काहीही बोलायचा हक्क त्यांनी जन्मापासून घेतलेला आहे. पाटी बघून ते मला नावानं हाक मारून म्हणाले, "दत्ता, सरकारनं भत्ता दिला, त्यो गेटातनं आत आला आन् थेट तुज्या गल्ल्यात जाऊन बसला. आमची वळख तरी करून द्यायचीस."

त्या आठवड्यात कामगार खात्याचे एक साहेब तपासणीला आले. भला माणूस. प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारत होते, पगार वेळेवर होतो का, सुट्टी मिळते का. आबांना त्यांनी विचारलं, "महागाईचा त्रास होतो का हो?"

"व्हतो की साहेब," आबा म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. "ती काय, काउंटरवर बसलीया. चष्मा लावून."

साहेबांनी मला नमस्कार केला. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

*

उत्पादन वाढवायला पुण्याहून पाटणकरसाहेब आले. सरळमार्गी, उत्साही माणूस. हातात कायम मोबाइल, आणि त्यात सेकंद पळतायत. पॅकिंगच्या बायकांच्या मागं उभं राहून ते कप मोजायचे.

त्या पॅकिंगमध्ये अश्विनी म्हणजे पहिला नंबर. कळंबची. तिची सासू शालनवहिनी माझ्याकडं स्वयंपाकाला. दोघी रोज कळंबहून एका स्कूटीवर येतात. सून चालवते आणि सासू मागं बसून रस्ताभर तिला हळू चालव म्हणते. माझं कॅन्टीन चालतं ते शालनवहिनींच्या हाताच्या चवीवर. हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण मालकानं असं सांगायचं नसतं, मग पगार वाढवावा लागतो.

तर पाटणकरसाहेबांनी एक दिवस जाहीर केलं, "आजचं टार्गेट पूर्ण झालं की घरी जा. पगार पूर्ण दिवसाचा."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पदर खोचले. जेवणाच्या सुट्टीला अर्ध्याअधिक जणी आल्याच नाहीत, उभ्याउभ्या भाकरीचा तुकडा मोडून परत बेल्टवर. आणि दुपारी दोन वाजता सगळ्या जणी तोंडाला स्कार्फ बांधून गेटावर. काम चोख, एक कप वाकडा नाही. पाटणकरसाहेब इतके खूश झाले की माझ्याकडं येऊन लागोपाठ दोन चहा प्यायले. मग त्यांनी हिशोब मांडला की दोन वाजेपर्यंत एवढं होतं, तर पाच वाजेपर्यंत केवढं होईल. दुसऱ्या दिवसापासून ते नवं टार्गेट लागलं, आणि घरी जायची वेळ मात्र जुनीच.

त्या दिवशी बेल्ट असा चालला, जसं काही कुणाच्या तेराव्याला निघालाय.

साहेब अश्विनीला म्हणाले, "अगं, काल तर तुझा हात किती चालत होता."

"हात त्योच हाय, साहेब," ती म्हणाली. "काल तुमी उक्तं दिलं, आज रोजानं बोलावलं."

साहेब माझ्याकडं आले, उक्तं म्हणजे काय विचारायला. मी सांगितलं की आमच्याकडं शेतात दोन तऱ्हा. रोजानं लावलं तर दिवसाचे पैसे ठरलेले, मग हात दिवसभर पुरवून वापरायचा. उक्तं दिलं तर कामाचे पैसे ठरलेले, काम उरकलं की घर मोकळं. उक्त्यात बाई वाऱ्यासारखी काम करते.

"मग रोज उक्तंच देऊ," साहेब म्हणाले.

"द्या की. पण उक्त्याला पैसं जास्त पडत्यात साहेब."

ते तिसरा चहा अर्धा टाकून गेले.

*

मग नवं मशीन आलं. पूजा झाली, मशीनला हार घातला, दोन नारळ फोडले, कामगारांना एकेक पेढा वाटला. आबा पेढा हातात धरून बराच वेळ मशीनकडं बघत होते. म्हणाले, "हिला दोन नारळ आन् आमाला एक पेढा. आजच कळलं कोण मोठं ते."

मशीनमुळं बेल्ट जोरात पळायला लागला. तेवढ्याच बायका दुप्पट माल काढायला लागल्या. पाटणकरसाहेबांनी उत्साहानं त्याचा एक रंगीत तक्ता काढला आणि लावायला जागा कुठली निवडली, तर माझ्या काउंटरच्या मागची भिंत. एक हिरवी रेघ डोंगर चढल्यासारखी वर गेलेली. खाली एक निळी रेघ.

जेवणाच्या सुट्टीत आबांनी विचारलं, "साहेब, ही वर पळालेली कोण?"

"ती उत्पादकता, आबा. म्हणजे तुम्ही दर माणशी किती काम काढलं."

"बरं. आन् ही खाली झोपलीया ती?"

साहेब जरा अडखळले. "तो वेतनाचा दर."

"आजारी हाय का?"

सगळं कॅन्टीन हसलं. साहेबही हसले, माणूस चांगला. मग आबांनी विचारलं, "आन् महागाईची रेघ न्हाय काढली?" साहेब म्हणाले, राहिली. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कागुद पुरला नसता."

तक्ता दुसऱ्या दिवशी निघाला. खिळा मात्र अजून आहे, मी त्याला पिशव्या अडकवतो.

*

कारखान्याच्या मालकांना, आमच्या शेठना, कंजूष म्हणवत नाही. त्यांच्या मनात पाप नव्हतं, त्यांचं एक वाक्य होतं. कुणी पगाराचं काढलं की ते म्हणायचे, "सरकारी दरापेक्षा एक पैसा कमी दिलाय का कधी?"

आणि बॉयलरकडनं आवाज यायचा, "योक जास्त बी न्हाय."

इंदापूरच्या बाजूला शेठची पेरूची बाग आहे. पेरू लिंबाएवढे झाले की प्रत्येक फळाला फोमची जाळी घालून वर पिशवी लावावी लागते. नाजूक काम, हात चपळ लागतो, आणि वेळेत झालं नाही तर फळमाशी सगळं खाऊन टाकते. त्या वर्षी बायका मिळेनात. आजूबाजूला सगळ्यांचेच पेरू एकदम आलेले. शेठनी मुकादमाला सांगितलं, काय मागतील ते दे, पण टोळी आण. मुकादमानं तोंडाला येईल तो उक्त्याचा दर कबूल केला.

इकडं कारखान्यात त्याच आठवड्यात पॅकिंगच्या निम्म्या बायका रजेवर. कुणाची आत्या आजारी, कुणाच्या भाच्याची सुपारी. पाटणकरसाहेब स्वतः बेल्टवर उभे राहून कपांना झाकणं लावत होते, आणि वेळ मोजायला मोबाइल दुसऱ्याकडं दिला होता.

शनिवारी शेठ बागेत गेले. टोळी बघून खूश झाले. एका ओळीत वीसेक बायका, तोंडाला स्कार्फ, डोक्याला टोपी, आणि हात असे चाललेले की नजर ठरत नाही. शेठ मुकादमाला म्हणाले, "वा. अशी माणसं माझ्या कारखान्यात का मिळत नाहीत रे?"

मुकादम बिचारा आपल्या पायाकडं बघायला लागला. तेवढ्यात ओळीतल्या एकीनं सवयीनं हाक मारली, "नमस्ते शेठ." शेठनी वळून बघितलं. तिनं स्कार्फ खाली केला. अश्विनी.

बाकीच्यांनीही एकेक करून स्कार्फ खाली केले. अर्धं पॅकिंग डिपार्टमेंट.

"तुम्ही इथं काय करताय?" शेठ म्हणाले.

"हितं दर बरा हाय," अश्विनी म्हणाली. "मालक बी वळखीचं हायत."

*

सोमवारी शेठ कॅन्टीनमध्ये आले आणि सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता कुणाला तरी घरी बसवतात. पण शेठना पेरूला पिशव्याही लावायच्या होत्या आणि कपही भरायचे होते, आणि दोन्हीला हात तेच होते, हे त्यांना कळून चुकलं होतं.

अश्विनीनं स्पष्ट सांगितलं, "शेठ, हितं सावली हाय, पीएफ हाय, मला हितंच ऱ्हायचंय. पर मशीन आल्यापास्नं काम दुप्पट झालं, बाजार वाढला आन् पगार हाय तितंच. दिवाळीपातूर न्हाय वाढला तर मी टोळीत जाणार."

हे ऐकून मी चहाची किटली खाली ठेवली. कारण ती टोळीत गेली तर स्कूटी टोळीत जाणार. आणि स्कूटी गेली तर शालनवहिनी कळंबहून येणार कशा? त्या गेल्या तर माझं कॅन्टीन आठवड्यात बंद. इतरांच्या पगारावर माझं पोट इतकं टांगलेलं असेल असं मला त्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं.

शेठ म्हणाले, "सरकार महागाई बघून भत्ता देतं, तो मी देतो. आणखी कशाच्या हिशोबानं देऊ? काहीतरी माप सांगा."

आबा उठले. "सरकारला हितला वडा ठावं न्हाय. माप हितलंच घ्या. महागाई आमच्यापुढं रोज काउंटरवर बसती. तिनं वडा जेवढ्या हिश्शानं वाढवला, तेवढ्या हिश्शानं तुमी पगार वाढवा. सरकारी दराच्या वर."

शेठनी क्षणभर विचार केला, माझ्याकडं बघितलं आणि हसले. मला ते हसू तेव्हाच आवडलं नव्हतं. "मंजूर," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो, मंजूर."

त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला लगेच कळलं. माझ्या कॅन्टीनचा करार त्यांच्या हातात होता.

*

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. वर्षानुवर्षं ज्या लोकांनी चहा रुपयानं वाढला म्हणून माझ्याशी आठ आठ दिवस अबोला धरला, तेच लोक काउंटरला कोपर टेकून हळव्या आवाजात विचारायला लागले, "तात्या, तेल केवढं चढलंय, तुमी भागवता तरी कसं?"

"बटाटा तर बघवत न्हाय आता."

"तात्या, एवढा सोसू नका. तब्येतीला बरं न्हाय."

आबा तर पाटीखाली खडू ठेवून गेले. कोरा करकरीत, नवा.

आणि शेठ, जे त्या सोमवारपर्यंत कधी कॅन्टीनच्या पायरीवर चढले नव्हते, ते रोज यायला लागले. पहिल्या दिवशी ओळखीच्या व्यापाऱ्याकडनं स्वस्तात बटाट्याची दोन पोती पाठवली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनचं लाइटबिल माफ केलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "तात्या, पाटी बदलायची नाही. बदलली तर दिवाळीनंतर दुसरा कॅन्टीनवाला."

मी म्हणालो, "शेठ, न्हाय परवडत ओ."

"मग वडा लहान कर. दर तोच, वडा लहान. कुणाला कळतंय?"

वडा लहान करायची विद्या मला येत नव्हती असं नाही. पण अश्विनीचं दिवाळीपर्यंतचं बोलणं कानात होतं, आणि कराराची भीती पोटात. शेवटी भीती जिंकली. मी आत गेलो आणि शालनवहिनींना म्हणालो, "वहिनी, उद्यापासनं गोळा जरा लहान वळा."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी परात बाहेर आली तर वडा होता तेवढाच. नीट बघितलं, तर किंचित मोठा. मला वाटलं, माझ्या मनाचा खेळ. तिसऱ्या दिवशी पावात वडा मावेना, दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतोय. आठवडाभरानं एका वड्यात माणसाचं जेवण व्हायला लागलं. लोक मान खाली घालून निमूट खात होते, आणि एरवी मिठावरून बोंबलणारा एकही माणूस तक्रार करत नव्हता.

शेठची दोन पोती बघता बघता संपली. अकरा वाजता वडे खलास व्हायला लागले. मी आत जाऊन म्हणालो, "वहिनी, अवो लहान करा म्हणलं होतं."

"ल्हानच केल्यात की, तात्या."

"ह्यो लहान?"

त्यांनी आपला तळवा माझ्यापुढं धरला आणि शांतपणे बघत राहिल्या. "हात त्योच हाय," म्हणाल्या.

कुणाकडं शिकली ही, असं विचारायच्या आधीच मला स्कूटी आठवली.

त्यांना बोलायची सोय नव्हती, आणि काढायची तर अजिबात नव्हती. रोज तोटा. शेवटी एका सकाळी मी आबांचा खडू उचलला, पाटी पुसली आणि नवा दर लिहिला. काय व्हायचं ते होऊ दे. कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग अख्ख्या शिफ्टनं. महाग झालेला वडा घ्यायला लोक हसत हसत रांगेत उभे राहिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

शेठ शब्दाचे पक्के निघाले, सगळ्यांसमोर बोलले होते. पगार वाढला. अश्विनीनं टोळीच्या मुकादमाला नाही म्हणून कळवलं. माझ्यावर मात्र शेठ चिडले होते. त्यांनी खरोखर दुसऱ्या दोन कॅन्टीनवाल्यांना बोलावलं. दोघांनी वड्याचा दर काय सांगितला मला माहीत नाही, पण तो ऐकून शेठ माझ्याकडं आले, एक चहा प्यायले आणि म्हणाले, "तात्या, तूच राहा."

वाढीव पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या खुशीत काउंटरवर बसलो होतो. करार शाबूत, स्कूटी शाबूत, दर वाढलेला. आतनं परात आली. परातीत सुपारीएवढे वडे.

रांग लागलेली. सगळ्यात पुढं आबा, बशी घेऊन. मी परात तशीच उचलून आत गेलो.

"वहिनी, हे काय?"

"तुमीच म्हणला हुता, ल्हान करा."

"ते तवा. आता दर वाढलाय, आता कशाला?"

शालनवहिनींनी हाताचं पीठ धुतलं, पदराला पुसलं आणि स्टूल ओढून बसल्या. "तात्या, समद्यांचा पगार तुमी वड्याला बांधला," त्या म्हणाल्या. "वडा वळणारीचा कशाला बांधलाय?"

मागं दारातनं आबांनी बशी वाजवली.

"दत्ता, बोल लवकर. वडा आनकी बारीक व्हायच्या आत."